भिंतीचं तोंड कुणीकडे

आधी एक मोठा रस्ता डोळ्यांसमोर आणा बघू. इतका रुंद, की या कडेने हाक मारली तर त्या कडेच्या माणसाने कानाला हात लावून "काय?" म्हणावं. दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा. एका टोकाला घुमटाची मोठी इमारत, जिथून देशाचा कारभार चालतो, आणि दुसऱ्या टोकाला नदी. राजधानीच्या शहरात असा एक तरी रस्ता असतोच. वर्षातून एकदा त्याच्यावरून सैनिकांचं संचलन जातं. उरलेले दिवस तिथे कबुतरं पाठीमागे हात बांधल्यासारखी फिरत असतात.

आला डोळ्यांसमोर? आता त्या रस्त्याच्या एका बाजूला एक मोकळं मैदान ठेवा. अजून तिथे काही नाही. गवत आहे, आणि चार खुंट्यांना बांधलेली दोरी. त्या दोरीच्या आत एक भिंत उभी राहायची आहे. चाळीस पावलं लांब, माणसाच्या उंचीपेक्षा हातभर जास्त. लढायांमध्ये गेलेल्या आणि परत न आलेल्या सैनिकांची नावं तिच्यावर कोरलेली असणार.

आपली गोष्ट या भिंतीचीच. पण ती मैदानापासून बरीच लांब, एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू होते. कारण भिंत अजून तिथेच होती, तुकड्यातुकड्यांनी आडवी झोपलेली.

शेड भिंगरीच्या आजोबांची. भिंगरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. दहा वर्षांची ही मुलगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आजोबांनी ठेवलेलं. आई-बाबा दोघंही कामावर जात, त्यामुळे सुट्टीत तिचा मुक्काम शेडमध्येच. तिथे दगडाची पांढरी भुकटी सगळ्यावर बसलेली असे. चहाच्या कपावर, रेडिओवर, आजोबांच्या भुवयांवर. घरी निघताना आजोबा तिला दारात उभी करून फडक्याने झटकत आणि म्हणत, "थांब गं, तुझी आई विचारेल, मुलगी दिली होती, पुतळा कशाला परत आणलात?"

आजोबा चाळीस वर्षं दगडावर अक्षरं कोरत होते. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या कोनशिला, पुलांवरच्या तारखा. शहरात शंभर ठिकाणी त्यांचा हात होता, आणि कुणालाही ते ठाऊक नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटतही नसे. "वाचणाऱ्याला अक्षर दिसावं, कोरणारा कशाला दिसायला हवा?" असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी भिंगरीला एक गोष्ट फार लवकर शिकवली होती, तीच तुम्हालाही सांगतो. दगडातलं अक्षर म्हणजे शाई नव्हे, रंगही नव्हे. ती नुसती खाच असते. खाचेला दोन उतार असतात. उजेड बाजूने आला की एका उतारावर तो पडतो आणि दुसऱ्यावर सावली राहते. त्या उजेड-सावलीमुळे अक्षर दिसतं. म्हणून आजोबा एक नाव कोरून झालं की हातात दिवा घेऊन तो दगडाच्या डाव्या कडेशी, अगदी गाल टेकवल्यासारखा धरत. अक्षरं ताडकन उठून बसत. मग दिवा सरळ समोर आणला की तीच अक्षरं हळूहळू मावळत.

"गेली कुठे?" लहानपणी भिंगरीने विचारलं होतं.

"कुठे जाणार? तिथेच आहेत. उजेडाने पाठ फिरवली, एवढंच."

एके दिवशी सकाळी शेडच्या दारात बटणवाल्या आजी आल्या. भिंगरीच्याच गल्लीत त्यांचं छोटंसं दुकान होतं, बटणं, रिळं, लेस आणि काजं करून देण्याचं मशीन. शाळेच्या सदऱ्याचं बटण तुटलं की सगळी मुलं त्यांच्याकडे धावत. पण आज त्या दुकानातल्या आजींसारख्या दिसत नव्हत्या. हातात एक कागद होता आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"मिस्त्रीभाऊ, सही करायला बोलावलंय ना? नाव बरोबर आहे का ते बघून?"

भिंतीवर नाव जायच्या आधी घरच्या माणसाने ते तपासून सही द्यायची, असा नियम होता. आजोबांनी स्टूल पुसून दिलं. आजींनी कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, मग लांब धरला, मग परत जवळ नेला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या बाबांचं नाव पण आहे, बरं झालं. नुसतं त्याचंच असतं तर एकटा वाटला असता."

आजींचा मुलगा वीस वर्षांपूर्वी सीमेवर गेला तो गेलाच. बर्फात. घरी एक तार आली, नंतर एक पेटी आली, त्यात त्याचे कपडे आणि दाढीचं सामान. तो आला नाही. सापडलाच नाही. त्याच्यासाठी कुठे जाऊन उभं राहावं, अशी जागाच आजींना नव्हती.

"आता जागा झाली," त्या भिंगरीला म्हणाल्या. "बस थेट तिथपर्यंत जाते, मी चौकशी केली. फक्त एक धाकधूक आहे बाई. माझी नजर ही अशी. उभ्या उभ्या दिसेल ना गं मला नाव? की कुणाला तरी विचारत बसावं लागेल, अहो, माझा मुलगा कुठाय, म्हणून?"

"दिसेल!" भिंगरी म्हणाली. "आजोबांची अक्षरं लांबूनसुद्धा दिसतात. मी सांगते ना."

"तू सांगतेस ना? मग झालं," आजी म्हणाल्या आणि खरंच निर्धास्त होऊन सही करून गेल्या.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, आजोबांना मैदानावर बोलावणं आलं. मोठं स्मारक उभारायचं तर आधी त्याच मापाचा खोटा सांगाडा उभा करून बघतात. लाकडाची चौकट, वर कॅनव्हास, आणि कॅनव्हासवर पाट्या रंगवणाऱ्या माणसाने काळ्या रंगात लिहिलेली नावं. उंची बरोबर वाटते का, रस्त्यावरून कसं दिसतं, हे सगळं त्यावरून ठरतं. भिंगरी अर्थातच बरोबर गेली.

तिथे दोन माणसं होती, त्यांच्याविषयी तुम्हाला सांगून ठेवतो. एक नकाशेवाल्या ताई. भिंतीचा आराखडा त्यांचा. बारीक अंगाच्या, खांद्याला कागदांची नळी, आणि कानामागे पेन्सिल असताना सगळीकडे पेन्सिल शोधणाऱ्या. दुसरे जनरलसाहेब. निवृत्त झालेले, पण पाठीला ते अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. स्मारकाच्या समितीचे ते प्रमुख.

सांगाडा खरोखर देखणा दिसत होता. त्याचं तोंड मोठ्या रस्त्याकडे होतं. काळी नावं रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येत होती.

"वा," जनरलसाहेब म्हणाले. "संचलन इथून जाईल आणि उजवीकडे बघताच सगळे जवान समोर. पाहुणे बघतील, सगळं जग बघेल. पसंत! सोमवारी मशीन आणा आणि पाया खणायला घ्या."

ताईंचा चेहरा फुलला. समितीच्या कागदावर सह्या झाल्या. आजोबांनी मान डोलावली.

भिंगरी मात्र कॅनव्हासच्या अगदी पुढे जाऊन उभी होती. तिला एक गंमत दिसली. कापड आतून उजळलं होतं, कुणी मागे मोठा दिवा लावून ठेवावा तसं. ती धावत मागे गेली. ऊन भिंतीच्या पाठीवर पडलं होतं. ती परत पुढे आली. पुढे सावली होती, गार गार, गवतसुद्धा ओलसर.

"आजोबा," तिने त्यांची बाही ओढली, "इथे दिवा कुठून येणार?"

"कसला दिवा?"

"उजेड हो! ऊन सगळं मागेच आहे. संध्याकाळी पुढे येतं का?"

आजोबांनी वर बघितलं. घुमटाकडे बघितलं, नदीकडे बघितलं. भिंतीचं तोंड सरळ उत्तरेला होतं. मग त्यांनी भिंगरीचा हात धरला आणि बसस्टॉपकडे चालू लागले.

रंगवलेली अक्षरं सावलीतही दिसतात, कारण ती काळी असतात. कोरलेली दिसत नाहीत. कॅनव्हासवर नावं बघून सगळ्यांनी दगडाला पसंती दिली होती.

शेडमध्ये आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"तुम्ही सांगणार ना त्यांना?" भिंगरीने विचारलं.

"मी अक्षरांचा माणूस, पोरी. दगड कुठे उभा करायचा ते शिकलेल्या लोकांनी ठरवलंय. सह्या झाल्यात."

"पण मी आजींना सांगितलंय दिसेल म्हणून."

"तू कशाला सांगितलंस?"

"तुमच्या अक्षरांवर भरवसा होता म्हणून!"

आजोबा स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी नुसता गुडघा चोळला. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "चाळीस वर्षं मी इथे दिवा डावीकडून धरून अक्षर तपासतोय. ट्रक येतो, दगड जातो. एकदाही, अगं एकदाही मी विचारलं नाही, की बाबा रे, हा दगड उभा कुठे राहणार? तिथे ऊन कुठून येणार? मला वाटायचं, आपलं काम दारापर्यंत." त्यांनी भिंगरीकडे बघितलं. "आणि तू दोन मिनिटांत विचारलंस. बरं झालं आणलं तुला. तो फोन दे इकडे."

सगळं ऐकून नकाशेवाल्या ताई फोनवर एकदम बोलू लागल्या. "काका, आता? सोमवारी मशीन येतंय! आणि मी मुद्दाम तसं केलंय हो. म्हातारी माणसं येणार, त्यांना उन्हात कसं उभं करायचं? म्हणून भिंतीचीच सावली त्यांच्यावर पडेल असं तोंड ठेवलं."

आजोबांचा आवाज मऊ झाला. "ताई, तुम्ही माणसांचा विचार केलात, तो कोण करतं? पण त्या सावलीत नावंच बुडतायत. माझ्या बोलण्यावर जाऊ नका. उद्या अकरा वाजता साहेबांना घेऊन मैदानावर या. मी दगडच घेऊन येतो."

शनिवारी ट्रकवाले मामा आले. चेनपुलीने एक शिळा उचलून चाकांच्या लोखंडी चौकटीत उभी केली आणि पट्ट्यांनी आवळून बांधली. शिळा कोणती घ्यायची ते भिंगरीने सांगितलं. परवाच कोरून झालेली.

मैदानावर ती चौकट सांगाड्याच्या शेजारी उभी केली, तोंड रस्त्याकडे. जनरलसाहेब वेळेच्या पाच मिनिटं आधीच आले होते. ते शिळेसमोर उभे राहिले. डोकं डावीकडे केलं, उजवीकडे केलं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "कोरा दगड दाखवायला मला सुट्टीच्या दिवशी बोलावलंत?"

"कोरा नाही साहेब. तीस नावं आहेत त्याच्यावर."

"थट्टा करता?"

"हात लावून बघा."

साहेबांनी हात लावला. बोटं खाचेतून फिरली आणि थांबली. त्यांनी हात पटकन मागे घेतला, चटका बसल्यासारखा. नकाशेवाल्या ताईंनी दोन्ही हात तोंडावर नेले होते.

"दिवे लावता येतील," जरा वेळाने साहेब म्हणाले. "खालून, वरून."

"दिवे बिघडतात, साहेब. दुरुस्त करायला कोण कधी येईल ते आपल्या हातात नाही."

"मग अक्षरांत काळा रंग भरा."

"चार-पाच वर्षांत उडतो. निम्मं नाव राहतं, निम्मं जातं. त्यापेक्षा नसलेलं बरं." आजोबांनी मामांना खूण केली. "जरा फिरवा हो. तोंड पूर्वेला. सावकाश."

चौकट करकरत वळली. अकराचं ऊन बाजूने, जरा वरून, शिळेच्या गालावरून घसरत आलं. आणि नावं उठली. आधी वरच्या रांगेचे काने, मग वेलांट्या, मग सगळी अक्षरं एकदम, तीसच्या तीस, जणू कुणी हजेरी घेतली आणि सगळ्यांनी उभं राहून ओ दिली.

मामांनी डोक्यावरची टोपी काढली.

पण जनरलसाहेबांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. "हे ठीक आहे, मिस्त्री. पण भिंत अशी वळवली तर मोठ्या रस्त्यावरून काय दिसेल? नुसती कड! वीतभर जाडीची दगडाची कड! संचलन जाणार, पाहुणे जाणार, आणि त्यांना भिंतीचा खांदा दाखवायचा? समिती मला फाडून खाईल."

आजोबांनी खाली बघितलं. त्यांचं सांगून झालं होतं. तेव्हा भिंगरी पुढे झाली.

"साहेब, मग आजींना तुम्ही सांगाल का?"

"कोणत्या आजी? आणि तू कोण?"

"मी यांची नात. बटणवाल्या आजींचा मुलगा याच्यावर आहे, हा बघा, तिसऱ्या रांगेत. त्यांना नीट दिसत नाही. मी त्यांना सांगितलंय, उभ्या उभ्या दिसेल म्हणून. आता नाही दिसणार तर कुणीतरी सांगायला हवं ना, की भिंत तुमच्याकडे नाही, रस्त्याकडे बघत उभी आहे. मी नाही सांगणार. मला नाही जमणार. तुम्ही मोठे आहात, तुम्ही सांगा."

"भिंगरे!" आजोबा दबक्या आवाजात म्हणाले.

जनरलसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते वाकले आणि भिंगरीने दाखवलेलं नाव त्यांनी वाचलं. मग त्याच्या खालचं वाचलं. मग त्याच्याही खालचं. वाचता वाचता एका नावापाशी त्यांचं बोट अडलं.

"हा माझा ड्रायव्हर होता," ते म्हणाले. "गाडी चालवताना शिट्टी वाजवायचा. मी दर वेळी रागवायचो." ते सरळ उभे राहिले, पण पाठ मघासारखी ताठ राहिली नाही. "मघाशी मी याच दगडासमोर उभा होतो, आणि मला हा कोरा वाटला."

ते रस्त्याकडे बघत राहिले. तिथे एक कबुतर निवांत चाललं होतं.

"आयुष्यभर मी या रस्त्याने संचलनात चाललो," शेवटी ते म्हणाले. "खरं सांगू, ताई? चालताना एकही नाव वाचता येत नाही. पावलं सांभाळायची असतात. दहा मिनिटांत सगळे पुढे जातात. पुढे जाणाऱ्यांना कड दिसली तरी चालेल. जी थांबणार आहेत त्यांना नाव दिसू दे." मग ते भिंगरीकडे वळले. "आजींना सांगायचं काम मी घेत नाही. समितीला सांगायचं घेतो. ते त्याहून सोपं आहे."

ताईंनी तिथेच गवतावर कागद पसरला आणि पेन्सिल शोधू लागल्या. "कानामागे," भिंगरी म्हणाली. कागदावर भिंत फिरली, बाक झाडांच्या सावलीत सरकले, वाट थोडी वाकडी झाली. सोमवारचं मशीन आलं, ते नव्या खुंट्यांवर. कोरलेला एकही दगड वाया गेला नाही.

निघताना ताईंनी आजोबांचे दोन्ही हात हातात घेतले. "काका, भिंत उभी राहिल्यावर कळलं असतं तर मला या रस्त्याने परत कधी जाववलं नसतं. तुमचे आभार कसे मानू?"

"माझे कसले? मी तर चाळीस वर्षं विचारलंच नाही," आजोबा म्हणाले. "पण एक कराल? पुढच्या वेळी अक्षरवाल्याला आधी बोलवा. आणि मीही विचारत जाईन."

पाच महिन्यांनी भिंत लोकांसाठी खुली झाली. बँड वाजला, भाषणं झाली, ती मी सांगत बसत नाही. गोष्ट दुसऱ्या दिवसाची आहे. त्या दिवशी सकाळी बटणवाल्या आजींनी दुकान बंद ठेवलं आणि भिंगरीला घेऊन थेट बस पकडली. पोचायला अकरा वाजले.

आजी भिंतीच्या कडेने चालू लागल्या. भिंगरीला तोंड मिटून ठेवणं किती जड गेलं, ते विचारू नका. पण तिने जागा दाखवली नाही. आजी एक शिळा ओलांडून गेल्या, दुसरी ओलांडली. मग थांबल्या. मागे सरकल्या. कुणालाही काही विचारावं लागलं नाही.

"सापडला," त्या म्हणाल्या. "सापडला गं!"

त्यांनी नावावरून हात फिरवला. शाळेतून आलेल्या मुलाच्या केसांवरून फिरवावा तसा. त्या रडल्या, पण थोड्याच. मग नाक पुसलं आणि उन्हाला पाठ देऊन आरामात उभ्या राहिल्या, जणू आता कुठे जायची घाई उरली नव्हती.

"अक्षरं तुझ्या आजोबांची, पण भिंत अशी कुणी उभी केली असेल गं?" त्या म्हणाल्या. "ज्याने ज्याने हात लावला असेल, त्याचं भलं होवो."

भिंगरी आजींच्या आणखी जवळ सरकली.

आजींनी इकडेतिकडे बघितलं. भिंतीपुढे थोडीच माणसं होती. काही शिळांसमोर फुलं ठेवली होती, काहींसमोर कुणीच नव्हतं. आजींच्या मुलाच्या शेजारच्या नावाकडेही कुणी आलेलं दिसत नव्हतं.

"हा कोण गं, याच्या शेजारचा?" त्यांनी विचारलं. "याचं कुणी आलं नाही का? लांब राहत असतील. की कुणी उरलंच नसेल? त्याचं नाव तरी कुणी घेतलं असेल का आज?"

भिंगरीने ते नाव मोठ्याने वाचलं. मग त्याच्या पुढचं वाचलं. मग ती सरकत सरकत शिळेच्या पहिल्या रांगेपाशी गेली, टाचा उंचावून बोट पहिल्या नावाखाली टेकवलं, आणि वाचायला सुरुवात केली.